हाडांची पंगत

केतकी जंगमच्या उजव्या पायाची नडगी एका सकाळी घर सोडून गेली. गुपचूप नाही, चांगली राजरोस. आई अंगणात सडा घालत होती, तिच्या शेजारून नडगी फाटकाबाहेर पडली आणि जाताना पायरीवरची एक चप्पल अडकवून गेली. आईला वाटलं, केतकीच निघाली तालमीला. तिनं मान वर न करता विचारलं, "काही खाल्लंस का गं?" नडगीनं उत्तर दिलं नाही. केतकीसुद्धा असल्या प्रश्नाला कधी उत्तर देत नसे, त्यामुळे संशय यायचं कारणच नव्हतं.

पाय मात्र जागच्या जागी राहिला. कातडी होती, नखं होती, मांस होतं नव्हतं तेवढं होतं. केतकीनं पलंगावरून पाय खाली टेकवला तेव्हा तो उशीच्या अभ्र्यासारखा दुमडला. तिनं तो हातानं सरळ केला, पुन्हा टेकवला, आणि उभी राहिली. रडली नाही, घाबरली नाही. खरं सांगायचं तर पोरगी खूश झाली. इतका हलका पाय तिला जन्मात मिळाला नव्हता.

आता ही खुशी कसली, ते सांगायला हवं. त्या गावात मुलींची एक तालीम आहे, आणि तिचा मनोरा पंचक्रोशीत नावाजलेला आहे. खाली दांडग्या मुली उभ्या राहतात, त्यांच्या खांद्यांवर मधल्या, त्यांच्यावर बारक्या, आणि सगळ्यांत वर एकच जण. ती वरची हात उंचावून सलामी देते, टाळ्या पडतात, मग मनोरा उतरतो. वरचीनं सलामी दिल्याशिवाय खालच्या कुणी हलायचं नाही, हा तिथला नेम. नारळ फुटला की मनोरा लागलाच पाहिजे, हा दुसरा नेम. वरची मुलगी म्हणजे केतकी. शाळेत तिला कुणी विचारत नव्हतं, घरी ती चार पोरींसारखी एक पोर, पण त्या टोकावर उभी राहिली की सगळं गाव मान वर करून तिच्याकडे बघायचं. ती जागा तिला जिवापेक्षा प्यारी होती.

तालमीचे निकम सर वाईट माणूस नव्हेत हो. पोरींसाठी जीव टाकायचे. पण एकदा सरावाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाले, "केतकी, जरा भरलीस गं." म्हणाले आणि विसरले. केतकी विसरली नाही. त्या दिवसापासून तिचा डावा हात पानावर आडवा पडायला लागला.

आपल्याकडे हे लहान पोरालाही ठाऊक असतं. नको असलं की पानावर हात आडवा धरायचा. वाढणारा कितीही आग्रही असो, आडव्या हातावर कुणी भात वाढत नाही. सुरुवातीला केतकी हात धरायची, पुढे हात आपला आपणच पडायला लागला. पळी उचलायच्या आधी हजर. देवळात तीर्थ देताना गुरवाच्या पळीखाली आडवा. वर्गात बाई पेपर वाटायला आल्या की बाकावर आडवा. कुणी नुसतं "घे" म्हणायचा अवकाश! बाकीचं अंग वाळत गेलं आणि तो डावा हात तेवढा मनगटापर्यंत गुबगुबीत, तकतकीत झाला. मग महिन्याची पाळी यायची थांबली. केतकी म्हणाली, सुटले बाई. आणि त्यानंतर ही नडगी गेली.

नडगीमागोमाग दुसरी नडगी गेली, मग मांड्यांची हाडं, मग बरगड्या. बरगड्या शाळा सुटल्यासारख्या ओळीनं गेल्या. उजव्या हाताची हाडं एका दुपारी गेली. डाव्याची तेवढी राहिली, त्यांना काम होतं. एके दिवशी आई वाळलेले कपडे गोळा करून घड्या घालायला बसली. चादर झाली, टॉवेल झाला, मग हाताला काहीतरी ऊबदार लागलं, त्याचीही घडी झाली. घडी कपाटात ठेवताना तिच्या टोकाला वेणी दिसली.

"अगं, बोलायचं तरी!" आई म्हणाली. "आता इस्त्री फिरवली असती मी."

"फिरव," घडीतून केतकी म्हणाली. "बरी चापून बसेल."

आईनं तिला पुन्हा उलगडलं, खुर्चीवर बसवलं, आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडली. नंतर तोंड धुऊन आली आणि मुलीला पिशवीत घालून डॉक्टर तांबटांकडे घेऊन गेली.

तांबट हाडांचे डॉक्टर. त्यांनी फोटो काढला आणि फिल्म दिव्यासमोर धरली. फिल्मवर केतकीच्या ड्रेसची सेफ्टी पिन स्पष्ट दिसत होती. तिच्यामागे एक रस्ता होता, आणि रस्त्यावरून एक नडगी चालली होती.

"ही तुमचीच का?" डॉक्टरांनी विचारलं.

"चप्पल तर आमचीच आहे," आई म्हणाली. "झिजलीय का हो फार?"

"झिजलीय हे तर आहेच. पण ती इथं नाही, ही पहिली गोष्ट. पाळी कधी बंद झाली हिची?"

"मागंच," केतकी म्हणाली. "बरं झालं. कटकट गेली."

"बरं कसलं, डोंबल! ती काय एकटी जाते होय? जाताना हाडांच्या कानात सांगून जाते, इथं चूल बंद झालीय, तुम्हीही आपापलं बघा. हाडांना भूक लागते, मुली. घरी मिळालं नाही की ती बाहेर जेवतात."

आईनं विचारलं, "येतील का परत?"

"घरात शिजतंय, हिच्या पोटात जातंय, हे त्यांना दिसलं तर येतील. सगळी येतील असं मी लिहून देणार नाही. या वयात बाहेर पडलेलं हाड बाहेरच रुळतं कधीकधी. उशीर करू नका."

"मला नकोतच ती," केतकी म्हणाली. "कणा आहे ना? बस झालं."

डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली. त्यांनी टेबलावरचा पेढ्यांचा बॉक्स उघडून पुढे केला, आणि पिशवीतून डावा हात बाहेर येऊन बॉक्सवर आडवा पडला.

त्या दिवसापासून आई शिजवत सुटली. भाकरी, पिठलं, आमटी, नाचणीची आंबील, दह्यातला भात. जेवायच्या जागी पान मांडून भागेना, म्हणून तिनं जिन्याच्या पायऱ्यांवर पानं मांडली, पलंगावर मांडली, दप्तराशेजारी मांडलं. केतकी घरात कुठंही गेली तरी समोर वाढलेलं पान. आणि तो हात! या पानावरून त्या पानावर, नुसता धावत सुटलेला. आई आमटी घेऊन येते आहे, हात अडवतो आहे, असं दिवसभर चाललेलं. केतकी मधे लोंबत असायची. घर इतकं अरुंद झालं की तिला तालमीत गेल्यावरच बरं वाटायचं.

तालमीत सर हरखून गेले होते. मनोऱ्याच्या तळाला मधोमध रुबीना मुजावर उभी राहायची. खांदे असे की वर घर बांधावं, आणि तोंड तिखट. सगळा भार शेवटी तिच्यावर यायचा. केतकी वर चढली की रुबीना खालून ओरडायची, "चढलीस का गं केतके? काय कळंनाच झालंय!"

"चढले!"

"मग जरा वजन टाक की. मी काय रिकाम्या हवेला खांदा देऊ?"

सर म्हणायचे, "रुबीना, तोंड बंद. केतकी, शाबास! फूल आहेस फूल!" आणि खरंच, वाऱ्याची झुळूक आली की केतकी टोकावरून सुटून लिंबाच्या झाडात अडकायची. मग सरांनी तोड काढली. तिच्या वेणीला मजबूत दोरा बांधला, आणि दोऱ्याचं दुसरं टोक रुबीनाच्या दातांत दिलं. "घट्ट धर," ते म्हणाले. "तेवढंच तुझं तोंडही बंद राहील." एका दगडात दोन पक्षी मारल्यासारखे ते हसले. रुबीना हसली नाही.

तालमीचा वर्धापनदिन आला. भर दुपारी मांडव भरला, पाहुणे आले, हार झाले. केतकी मांडवामागे सतरंजीवर पडून होती, ताठ, कारण कणा होता. आणि तेवढ्यात तोही निघाला. मानेपाशी जरासं खाजल्यासारखं झालं, पाठीतून काहीतरी सरसर सरकलं, आणि तिचा कणा सतरंजीवर उभा राहिला, त्यानं अंग झटकलं आणि तो तालमीच्या मागच्या भिंतीकडे चालू लागला. केतकीकडे त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही.

सर आले, त्यांनी तिला चिमटीत धरून उचललं. "उत्तम! आता तर काय, मनोरा डुलणारसुद्धा नाही." त्यांनी दोरा तपासला. मांडवात पाहुण्यांना भाषणाचा कंटाळा आला असावा, त्यांनी मधेच नारळ फोडला. नारळ फुटला म्हणजे संपलं. मुलींनी भराभर थर लावले, आणि मनोरा उभा राहिला. टोकाची जागा तेवढी रिकामी. सगळं गाव मान वर करून त्या रिकाम्या जागेकडे बघायला लागलं.

केतकीला तिकडे बघायचं होतं. मान वर होईना. हनुवटी छातीवर पडली ती पडली. ज्या टोकासाठी एवढं सगळं केलं ते टोक आता तिला दिसतही नव्हतं. दिसत होता फक्त भिंत चढून जाणारा तिचा स्वतःचा कणा. तेव्हा मात्र पोरीचं टाळकं फिरलं. नडगी गेली, नाचत राहिली. बरगड्या गेल्या, हसत राहिली. पण हा? न सांगता, न विचारता?

"ए!" ती ओरडली. "माझा आहेस तू!"

तिनं सरांच्या चिमटीतून हिसका मारला. वाऱ्याला ती काय जड! तो तिला घेऊन भिंतीवरून पलीकडे गेला, मागून दोरा उलगडत गेला, आणि ती एका दारात उतरली. वर पाटी होती, 'गोदाक्काची खानावळ'.

तालमीच्या मागं ही खानावळ कधीपासून होती, केतकीला ठाऊक नव्हतं. लांबलचक पडवी, पट्ट्या अंथरलेल्या, समोर पत्रावळी, आणि पंगत बसलेली. हाडांची. तिच्या दोन्ही नडग्या शेजारी शेजारी होत्या, चप्पल दाराशी व्यवस्थित काढलेली. बरगड्या ओळीनं. उजव्या हाताची बोटं भात कालवत होती. कणा नुकताच येऊन टेकला होता आणि गोदाक्का त्याच्या पानात मीठ वाढत होती. पलीकडच्या ओळीत दुसऱ्या कुणाकुणाची हाडं होती. केतकीच्या आधी टोकावर चढणाऱ्या पूनमची मनगटं तिनं काचेच्या जुन्या बांगड्यांवरून ओळखली. त्या बांगड्यांवर धूळ होती. मनगटं इथं चांगली मुरलेली दिसत होती.

"चला घरी," केतकी आपल्या हाडांना म्हणाली.

कुणी मान वर केली नाही.

"जेवत्याला उठवू नगं," गोदाक्का म्हणाली. अंगानं भरदार बाई, हातात पळी. "पंगत एकदम उठती. शेवटच्याचं होईस्तोवर कुणी हलायचं न्हाई इथं. तुझं पान मांडू?"

"मी जेवत नाही."

"मग वाऱ्यात उडत बसू नगंस." गोदाक्कानं तिला दोनदा झटकलं आणि दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवलं.

खुंटीवरून केतकी बघत राहिली. तिची हाडं जेवत होती. भाकरी मोडत होती, आमटीत बुडवत होती, पुन्हा मागत होती. कुणी त्यांना भरलीस म्हणत नव्हतं. पिठल्याला लसणाची फोडणी होती आणि तो वास सरळ तिच्या रिकाम्या अंगात शिरत होता. किती दिवसांत तिला असा राग आला नव्हता. माझ्या वाटचं जेवतायत मेली, तिच्या मनात आलं, आणि मग आलं, माझ्या वाटचं म्हणजे माझंच की. भूक लागली आहे हे तिला कळलं. ते कुणाला सांगायची तिला लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा आणखी राग आला.

भिंतीवरून सर उतरले. धोतराचा सोगा हातात, चेहरा घामाघूम.

"अगं, मनोरा उभा आहे! पाहुणे ताटकळलेत. सलामी देऊन टाक, मग पुढचं बघू." त्यांनी तिला काढायला खुंटीकडे हात केला.

एकदा वर गेली असती तर ती उतरली नसती. वाऱ्यानं नेली असती आणि दोरा तुटला असता तर तुटला असता. हे तिला दिसलं, आणि सरांना दिसत नाही हेही दिसलं.

"गोदाक्का," केतकी म्हणाली, "पान मांडा."

गोदाक्कानं सवयीनं एका झटक्यात पत्रावळ टाकली. केतकी खुंटीवरून ओघळली आणि पत्रावळीसमोर पडली. सरांचा हात हवेत राहिला. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. पानावर बसलेल्या माणसाला उठवायचं नसतं. शत्रूलाही नाही. सर जुन्या वळणाचे, त्यांना ते जमण्यातलं नव्हतं.

"केतकी, बाळा," ते म्हणाले, "असं करतात का? मुलींचे खांदे भरून आलेत. तू सलामी दिल्याशिवाय त्यांना हलता येत नाही."

"आणि माझं झाल्याशिवाय पंगत उठत नाही," केतकी म्हणाली.

गोदाक्का भाताची पातेली घेऊन आली. पळी भरून वाफाळता भात पुढं केला, आणि डावा हात पत्रावळीवर आडवा पडला.

सरांनी सुटकेचा श्वास सोडला. "बघा. तिला नकोच आहे. हात बघा तिचा."

"काय गं?" गोदाक्कानं पळी तशीच धरली. "तोंड म्हणतंय मांडा, हात म्हणतोय नगं. मी ऐकू कुणाचं?"

केतकीनं हात मागं घ्यायचा प्रयत्न केला. अंगात हाडं होती ती सगळी त्या एका हातात. तो पत्रावळीला असा चिकटून बसला होता की पानं फाटायला आली. सरांनी भिंतीकडे तोंड करून आवाज दिला, "रुबीना! दोरा ओढ!"

केतकीच्या वेणीला हिसका बसला. दोरा ताठ झाला, भिंतीवरून पार रुबीनाच्या दातांपर्यंत. केतकीचं डोकं पानावरून उचललं गेलं, वर, आणखी वर. इथंच संपतं आता, असं तिला वाटलं.

"ओढ! शाबास!"

भिंतीच्या वर मनोऱ्याचा वरचा भाग दिसत होता. मुली थरथरत होत्या, एकीच्या खांद्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. आणि सगळ्यांच्या खालून, जिथं सगळा भार येतो तिथून, रुबीनाचा आवाज आला. आवाज येण्यासाठी तोंड उघडावं लागतं.

"केतके! जेव गं तू! आम्ही धरलंय!"

दोरा सैल पडला. सबंध, पडवीभर, वेटोळी होऊन पडला. केतकीचं डोकं पुन्हा पत्रावळीपाशी आलं. तिला रडू फुटलं, आणि रडतच तिनं उरलंसुरलं सगळं अंग गोळा केलं आणि त्या डाव्या हातावर टाकलं. हात पत्रावळीवरून घसरला. ती त्याच्यावर बसली, मांडी घालून, जमेल तितकी घट्ट.

"तू कोण गं मधे बोलणारी?" ती हाताला म्हणाली. "वाढा हो गोदाक्का."

भात पडला. वर आमटी पडली, तुपाची धार पडली. उजव्या हाताला हाडं नव्हती, बोटं भातात नुसती पसरून राहिली. मग तिनं सरळ पानाला तोंड लावलं. दिसायला शोभत नव्हतं. न शोभेना! पहिला घास तिनं नीट चावला आणि गिळला. तो उतरत कुठवर गेला ते तिला आतून कळलं.

पंगतीतल्या हाडांचं जेवण आटपलं होतं. त्यांना आता उठता येत नव्हतं. ती बसल्या जागेवरून केतकीकडे बघत होती. पूनमची मनगटं दुसरीकडे वळून बसली. उजवी नडगी मात्र पट्टीवरून जरा सरकली, आणखी जरा सरकली, आणि केतकीच्या गुडघ्याला लागून बसली. आत आली नाही. नुसती लागून बसली.

सर उंबऱ्यावर तसेच उभे होते. भिंतीवरून मनोऱ्याचं टोक दिसत होतं, रिकामं, आणि त्याच्याखालच्या मुलींनी एकेक करून माना पंगतीकडे वळवल्या होत्या.

"का गं," वरच्या थरातल्या एकीनं हळूच विचारलं, "काय केलंय जेवायला?"

"सांगते," केतकी भरल्या तोंडानं म्हणाली, आणि तिनं गोदाक्काकडे बघितलं. "आणखी वाढा."

तिच्या मांडीखाली डावा हात सुटायला धडपडत होता. पळी खाली येत होती.